चुका

खांडेपारकर बाईंची हेराल्ड
नाना पेठेत माझ्या पत्र्याखाली आली तेव्हा
टपाच्या कापडातून कमानी वर आल्या होत्या,
उपाशी घोड्याच्या बरगड्या याव्यात तशा,
डावीकडून जास्त.
"वरचं कापड चांगलं आहे," बाई म्हणाल्या,
"त्याला हात लावायचा नाही. आतल्या गाद्या बदला.
आणि दिसत नाही म्हणून काहीबाही भरू नका."

गाद्या म्हणजे दोनच पट्ट्या, वीतभर रुंद.
काचेवरच्या पट्टीपासून मागच्या कमानीपर्यंत
लोखंड आणि कापड यांच्यामध्ये पडून राहायचं,
टप उघडला की घडीत चेपायचं,
मिटला की पुन्हा ताणून घ्यायचं.
गाडीबरोबर फोटो काढणाऱ्यांना
त्यांचा पत्ता नसतो.

अब्दुलगनी उस्ताद सांगायचे,
दोन्ही बाजू एकदम सोडायच्या नाहीत.
एक सोड, एक धरून ठेव.
नाहीतर कमानी आपली जागा विसरतात,
मग बस टेप घेऊन.
आमच्यात बारीक खिळ्याला चुका म्हणतात.
उस्तादांचं मराठी कच्चं,
ते चुके म्हणायचेच नाहीत:
"सगळ्या चुका काढ, एक पण ठेवू नको."

सुतळीला गाठी मारून अंतरं घेतली.
तौफिकला मोबाईलचा उजेड धरायला लावला
आणि डावीकडचा पहिला चुका उपसला.
गंजलेला. मग दुसरा. डब्यात टण्‌, टण्‌.
शिवण उसवली.
फोमचं पिवळं पीठ सांडलं, नाकात गेलं.
त्याखाली नमदा हवा होता.
गोणपाट निघालं, बनियनच्या चिंध्या निघाल्या
आणि खाकी अर्ध्या चड्डीचा एक खिसा,
निळ्या दोऱ्याने रफू केलेला.

खाकीला निळा दोरा आईच लावणार.
घरात एकच रीळ होतं.

सत्याण्णव साल.
उजवी बाजू करून उस्ताद बारामतीला गेले,
मुलीचं लग्न होतं.
डावी माझ्यावर टाकली.
नमदा मी गंज पेठेतल्या एका मोच्याला विकला,
नव्वद रुपयांना.
नव्वद रुपयांचं काय केलं ते खरंच आठवत नाही.
काहीतरी खाल्लं असेल.
उस्ताद आले, डोळे मिटून शिवणीवर अंगठा फिरवला.
"टाका चांगला आहे," म्हणाले.
टाका चांगलाच होता.

"कुणी केलं हो हे काम?" तौफिकने विचारलं.
"होता एक."

दुसऱ्या दिवशी उजवी उघडली.
फोम तिथेही मेलेला,
पण खालचा नमदा जसाच्या तसा, करडा, घट्ट,
झटकला तरी चालला असता.
बाईंनी दोन्ही नव्या सांगितलेल्या. दोन्ही नव्या केल्या,
मेणदोऱ्याने, बोटभर अंतरावर टाका.
फक्त डावीकडे, मधल्या कमानीवर,
जुन्या नमद्याचा हातभर तुकडा घातला.
कुणाला विचारलं नाही.

बाई आल्या. चष्मा बदलला.
एकेका कमानीवर दोन बोटं दाबून पाहिली.
"किती?"
मी फक्त मालाचे सांगितले.
"मजुरी?"
"जुनी बाकी होती."
"मी कुणाची बाकी ठेवत नाही."
"तुमची नाही."
त्या थांबल्या. पर्स उघडली,
सगळे पैसे बॉनेटवर मोजून ठेवले.
"बिलात मजुरी लिहा. आणि तारीख घाला."

मजुरी लिहिली. आजची तारीख घातली.
तपशील: टपाच्या आतल्या गाद्या, नग दोन.

तो खिसा अजून चुक्यांच्या डब्यात आहे,
गंजाने आणखी खाकी झालेला.

गाडी सेव्हन लव्हजकडे वळली तेव्हा
मी रस्त्यापर्यंत गेलो.
टप सपाट होता,
डावीकडूनही.