काटा

देवलापारच्या पुढे डांबर संपतं,
मग नाला, मग साग,
मग वनखात्याची पाटी: हॉर्न वाजवू नका.
माझ्या स्कूटीचा तसाही दोन वर्षं बंद आहे.

पिशवीत लोहाच्या गोळ्या, रजिस्टर
आणि पोरं तोलायचा काटा.
मोहाच्या खालच्या फांदीला तो अडकवला.
झोळीत सुगरता उइकेचं पोर,
अकरा दिवसांचं, उघडं, चिडलेलं.

दोन किलो दोनशे.

"असं कसं," झनकाबाई सुईण म्हणाली,
"झालं तवा पावणेदोन होतं.
गाडी नाल्यापलीकडेच थांबली, बाई,
म्या शेठच्या काट्यावर मोजलं."
शेठचा काटा. मोहफुलं घेतो तो.

कोणी काही बोललं नाही.
मग सुगरतानं टोपलीतली फुलं
फडक्यात बांधून माझ्यापुढे धरली.
"हे बी लावा ना."
शेठच्या चिठ्ठीवर चार किलो.
काटा झुलला, थरथरला,
पाचावर थांबला.

ती आधी हसली.
पोराच्या टाळूवर हात ठेवून म्हणाली,
"याच्यातलं बी खाल्लं मेल्यानं."
आणि मग हसू थांबवून
बोटांवर उन्हाळे मोजत बसली.

जन्मवजनाच्या रकान्यात पावणेदोन,
लाल शाईत, कधीच नागपूरला पोचलंय.
पेन उघडं ठेवून मी बसले.

वर पाहिलं तर
टोल्यातल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या,
रांग पार बोअरिंगपर्यंत.

सोमवारच्या बैठकीत विचारतील,
एका बाळाला
अख्खा दिवस कसा लागला.