आयात

विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या.
सरहद्द म्हणजे तारेवर वाळणारे टॉवेल,
लोकसंख्या पाच.
राजमणी अर्थमंत्री, तिच्या खात्याचे कागद
तांदळाच्या डब्यात.

खनिज काही निघत नाही आमच्याकडं.
गॅस बाहेरून येतो,
आधी जहाजानं, मग टँकरनं, शेवटी
अंबादास येलदीच्या टेम्पोतून
फरशीवर आपटत.
त्या वर्षी आखातात कुणी कुणावर काहीतरी डागलं
आणि आमच्या गल्लीत टेम्पो सतरा दिवस आला नाही.
मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवत राजमणी म्हणाली,
"हे होर्मुझ कुठं आलं? तुळजापूरच्या पुढं?"
मी लूमवरचा माणूस.
धागा तुटला तर गाठ मारता येते मला,
समुद्राचं काय करू?

मग तिनंच हुकूम काढले.
भाकरी आठवड्यातून एकदा, कडक,
आमटीत चुरून खायची.
डाळ रात्रीच भिजत घालायची.
अंघोळीचं पाणी पत्र्यावर,
रंगखात्यातून मागून आणलेल्या पिंपात.
पिंप धुतलं होतं तसं. तरी
पहिल्या दिवशी धाकटा गुलाबी होऊन बाहेर आला,
शाळेत तसाच गेला.

ज्या उन्हाला तिच्या तीन पिढ्यांनी
तेलुगूतून शिव्या घातल्या,
त्याला तिनं कामाला लावलं. बिनपगारी.
पेटी केली पत्र्याची, आतून काळी,
आणि झाकणाला आरसा हवा म्हणून
कपाटाचा काढला.
माहेरून आलेलं कपाट.
मी म्हटलं, "राहू दे, दुसरा आणू."
"दुसरा म्हणजे पुन्हा बाहेरूनच ना?"

आता अठ्ठावीस दिवसांची टाकी
एकाहत्तर दिवस जाते.
येलदी विचारतो, "गाव सोडलं की काय तुम्ही?"
शून्य नाही झालं. होणारही नाही.
आभाळ भरलं की पेटीतला भात कच्चा राहतो,
आम्ही पुन्हा जगाचे मिंधे.
आणि पाहुणा आला की चहा गॅसवरच,
मोठ्या आचेवर, उतू जाईपर्यंत.
"ते परराष्ट्र खातं," ती म्हणते.

दुपारी साडेबाराला ती पत्र्यावर चढते,
आरसा सूर्याकडं वळवते.
वळवताना क्षणभर त्यात ती दिसते,
कानामागची पांढरी बट,
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं.
पदरानं काच पुसते,
बट आत खोचते,
मग भातावर उजेड टाकते.