डावा शॉकअप

निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून माझं गॅरेज.
शटर वर केलं की आधी तो वास आत येतो, मग गिऱ्हाईक.
परवा दुंडाप्पा कमत्यांची थोरली लेक येझदी घेऊन आली,
टेम्पोत आडवी, खाली उशी, आजारी माणसासारखी.
"अप्पा गेले. ही चालती करा.
डावीकडं ओढते म्हणायचे, शेवटपर्यंत."

चाक काढलं, मडगार्ड काढलं.
तळाचा स्क्रू सैल केला तर तेल कसलं,
काकवीसारखा काळा गाळ,
सांगू की नको करत थेंब थेंब आला.
उजव्याचं झाकण उघडलं: स्प्रिंग, वर दोन वायसर.
डाव्याचं उघडलं
आणि बोटांना लागली दोन पैशांची तीन नाणी,
कातरलेल्या काठाची, दबून दबून
सुक्या पानासारखी पातळ.

ओळखली मी.

साल अठ्ठ्याहत्तर. मी तेरा वर्षांचा, दस्तगीर मिस्त्रींच्या हाताखाली.
ते माप मराठीत सांगायचे, शिवी कानडीत हासडायचे.
चार वायसरला त्यांनी रुपया दिला होता.
दोन आणले, उजव्यात बसवले.
उरलेल्या आठ आण्यांची स्टँडसमोर भजी खाल्ली
आणि डाव्यात टाकले आईनं दिलेले सहा पैसे.
झाकण आवळलं. वरून फडका मारला.
मिस्त्रींनी हँडल दाबून बघितलं,
म्हणाले, "चलो आत."

सहा पैशांनी गाडी ओढत नाही,
हे आता मला कळतं.
नळी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला,
काटा हलला: पाऊण मिलिमीटर बाक, मागच्या अंगाला.
तवंदीच्या घाटात एखादा दगड असेल.
अप्पांनी घरी सांगितलं नसेल.
पण मला दरसाल विचारायचे, "डावीकडं का रे ओढते?"
आणि मी टायर दाखवायचो,
चेन दाखवायचो,
रस्त्याचा उतारसुद्धा दाखवला एकदा.
झाकण तेवढं उघडलं नाही.

नळ्या बेळगावच्या बसनं उद्यमबागेत पाठवल्या.
प्रेसवर सरळ होऊन, हार्ड क्रोम चढवून
कानडी पेपरात गुंडाळून आल्या.
त्यांत माझा चेहरा उसाच्या कांड्याएवढा लांब.
नव्या सीलच्या ओठाला बोटानं तेल लावलं,
दुमडू नये म्हणून श्वास धरून खाली सरकवले.
तेल मोजलं खोकल्याच्या बाटलीच्या टोपणानं,
दोन्हीकडं सारखं.
मग डाव्यात दोन वायसर.
चव्वेचाळीस वर्षं उशिरा.

तिनं हँडलवर भार दिला.
पुढचा भाग खाली गेला, थांबला,
सावकाश, काही न बोलता वर आला.

बिलात लिहिलं: सील दोन, बुश, क्रोम, मजुरी.
वायसर लिहिले नाहीत.
नाणी तिच्या तळहातावर ठेवली.
"हे काय?"
"अप्पांचे सुटे. गाडीत होते."
तिनं पर्समध्ये टाकले,
न मोजता.