शंभरात दोन

वेन्सम नदीच्या काठी, तिसऱ्या मजल्यावर
मी शब्दांच्या चिठ्ठ्या लावतो.
नवा कोश. आठवड्याला साडेसहा पौंड, शनिवारी अर्धी सुटी.
या महिन्यात माझ्याकडे खण एकशे बारा:
ओळखण्याची, वेगळं काढण्याची क्रियापदं.

आयडेंटिफाय हा पोलिसांकडचा.
चादर जराशी वर करतात, कुणीतरी मान हलवतं.
रेकग्नाइझला आधीची भेट लागते;
पहिल्यांदा आलेल्याला तो दारातूनच परत पाठवतो.
डिस्टिंग्विश कोटावर पदक लावून फिरतो.
स्पॉट पोरसवदा, फलाटाच्या टोकाला
इंजिनांचे नंबर टिपत उभा, नाक गळतंय.
मेक आऊट धुक्यातला. समोर काहीतरी आहे खरं,
होडी असेल, बैल असेल.

आमचे प्रमुख थर्टलसाहेब म्हणतात,
'समानार्थी असं काही नसतं, पिगॉट.
शेजारी असतात. कुंपणावरून भांडणारे.'

आणि मग टेल अपार्ट.
स्वयंपाकघरातला शब्द, ओल्या हातांचा.
टेल म्हणजे सांगणं. पण सांगायचं काय, आणि कुणाला?
जुन्या वह्या उलटल्या तेव्हा सापडलं:
टेल म्हणजे आधी मोजणं होतं.
मेंढ्या मोजणं, नाणी मोजणं.
बँकेच्या खिडकीतला माणूस अजून त्याच नावानं बसतो.

उदाहरण हवं होतं, म्हणून बहिणीकडे गेलो.

मॅवीस अ‍ॅटलबरोजवळच्या हॅचरीत आहे.
एका दिवसाची पिल्लं, तासाला नऊशे.
साठ वॅटचा दिवा, डावी मूठ, अंगठ्याचा एक दाब.
माद्या उजवीकडे: भोकं पाडलेली खोकी, लिंकनला जाणारी.
नर डावीकडे.
डावीकडे डबा असतो. झाकणाचा.

'कशावरून ओळखतेस?'
'ओळखत नाही.'
'मग पारखतेस? हेरतेस? ताडतेस?'
ती बटाटे सोलत होती.
'अंगठ्याला कळतं. मला नंतर.
कधीकधी मला कळायच्या आत
हात रिकामा झालेला असतो.'

मी लिहिलं. खोडलं.
'आणि चूक?'
'शंभरात दोन.
लिंकनमध्ये कुणाच्या तरी परसात
माझे कोंबडे आरवतायत, रोज पहाटे.
शेजाऱ्यांच्या झोपा मोडतायत.'
हसली. बटाटा पाण्यात टाकला,
थोडा उंचावरून.

थर्टलसाहेबांनी चिठ्ठी परत केली, लाल पेन्सिलीनं:
उदाहरण लांबलं. जुळ्या भावांचं घाला, सगळे घालतात.
मी जुळ्या भावांचं घातलं.

फेब्रुवारीत आम्हाला मूल झालं.
सासूबाई, दूधवाला, चर्चमधल्या दोघी,
सगळ्यांचा दारातच एक प्रश्न.
उत्तर देऊन देऊन नेस्टा दमली,
दमली म्हणजे शेवटी दारावर कागदच लावू म्हणाली.

मॅवीस शेवटच्या बसनं आली.
हात गरम पाण्यानं धुतले, पुसले, पुन्हा धुतले.
दुपटं होतं तसंच राहू दिलं.
काय आहे ते विचारलं नाही.
फक्त खालून दोन पावलं बाहेर आली होती,
ती तिनं डाव्या मुठीत धरली,
त्याच मुठीत,
आणि अंगठा मुद्दाम लांब ठेवला,
ताठ, हवेत,
जणू त्याला भाजलंय.

मग उजव्या हातानं एकेक बोट मोजलं.
ओठ हलत होते.
सातापर्यंत आली, चुकली बहुतेक,
पुन्हा पहिल्यापासून.