जागा धरून

भूगोल भरला म्हणून एकोणीस जणांनी
माझा विषय घेतला: जगातल्या तत्त्वज्ञानांची तोंडओळख,
सकाळी आठ, खोली नऊ, लश्कर, ग्वाल्हेर.
घरी मी मराठीत विचार करते, वर्गात हिंदीत शिकवते,
मधल्या पायरीवर रोज थोडं सांडतं.

ग्रीस उरकून आम्ही त्या फ्रेंच माणसाशी आलो,
जो शेगडीशी बसून एकेक गोष्ट नाकारत गेला,
हात, खोली, आग,
आणि शेवटी नाकारणारा तेवढा उरला.
दीनबंधू तोमर म्हणाला,
"मॅडम, शेगडीत कोळसा कौन डालता था?"
फळ्याकडे तोंड करून मी हसू गिळलं.
माझ्या टिपणांत कोळसा नव्हता.

मग आफ्रिका. दक्षिणेकडची एक समजूत,
की माणूस माणसांमुळे माणूस होतो.
"हम" म्हणून पाहिलं. पण इकडे "हम जा रहे हैं" म्हणत
एकटाच माणूस निघालेला असतो, पायात चप्पल, हातात पिशवी.
मला हवा होता आपला "आपण",
"आम्ही"त न मावणारा,
ज्यात ऐकणाराही धरलेला असतो.
फळ्यावर लिहिला. समजावला. जरा ऐटीतच.
रेशम कुशवाह म्हणाली, "ये तो अपन है, मॅडम.
अपन चलें, चाय पिएँ. वही न?"

वही.
तीस वर्षं मी जो शब्द घरात कुलपात जपला
तो टपरीवर कटिंग पीत उभा होता.

डिसेंबरात किल्ला चढलो, शून्य बघायला.
चढावरच्या छोट्या देवळात, भिंतीवर,
मसुरीच्या डाळीएवढं वर्तुळ.
दोनशे सत्तरमधलं. बागेची लांबी, हातांत मोजलेली,
रोज देवाला पन्नास हार लागत म्हणून.
मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली.
"इतना-सा?" कुणीतरी म्हणालं,
आणि किल्लीवाला चौकीदार: "सब यही पूछते हैं."

मी बोलायला लागले, नागार्जुनकोंड्यापासून जपानपर्यंत
रितेपणाचे किती अर्थ.
रेशम ऐकत नव्हती. तिच्या वडिलांची फालके बाजारात
हारांची गाडी; ती बोटांवर हिशेब करत होती.
"जेठ में नहीं होंगे पचास," ती म्हणाली.
"गेंदा सूख जाता है. फिर क्या लिखते होंगे?"

खाली उतरताना इमरत जाटव, हजेरी क्रमांक चौदा,
भिंडच्या बसने रोज उभ्याने येणारा,
पहिल्यांदाच आपणहून बोलला:
शून्य म्हणजे सीटवर टाकलेला रूमाल.
बैठा कोई नहीं है,
पर जगह किसी की है.

मी थांबले. पायऱ्यांवर ऊन होतं.
पुढच्या वर्षी हे माझं म्हणून सांगायचा मोह
मला त्याच क्षणी झाला, हेही नोंदवते.

जानेवारीपासून इमरत मालनपूरला, बिस्किटांच्या कारखान्यात,
रात्रपाळी. ऑफिसातले पानसे म्हणतात,
तीस दिवस झाले की नाव कापायचं, नियम आहे.
मी रोज "चौदा" म्हणते, क्षणभर थांबते,
आणि चौकोनात शून्य काढते,
लहान, पूर्ण मिटलेलं.
पानसेंना ते गैरहजेरी वाटतं. वाटू दे.

एका शुक्रवारी तिसऱ्या बाकाच्या कडेला
निळ्या चौकड्यांचा एक रुमाल दिसला.
कुणाचा, विचारलं नाही. कुणी सांगितलं नाही.
शनिवारी होता. घाम, शाई, दुमडलेला कोपरा.

सोमवारी तो धुतलेला होता.

मी खडू उचलला.
चीन सुरू करायचं होतं.