कलम चार

फेब्रुवारीतला शनिवार. टेनेसीच्या टेकड्या अजून करड्या,
ट्रॅकवर रात्रीचं दव गोठलेलं,
आणि मी तिकीटघरामागच्या खोलीत
हीटर पायाशी ओढून
कोण धावू शकतं ते टाइप करते आहे.

एक : गेल्या हंगामात ज्यानं एकदा तरी
सर्वांत वेगवान फेरी मारून पुढची जागा घेतली, तो.
दोन : गतवर्षीचा विजेता.
(मग तो कितीही उर्मट असो. हे मी टाइप करत नाही.)
तीन : प्रेक्षकांच्या पसंतीचा एक जण.
पसंती म्हणजे हॉट डॉगच्या खिडकीशी ठेवलेल्या बरणीतल्या चिठ्ठ्या;
दर साली त्यात तीन तरी
कुणाच्या तरी कुत्र्याच्या नावाच्या निघतात.

चार : ही शर्यत पूर्वी कधीही जिंकलेला चालक, तहहयात.

तहहयात हा शब्द थोरल्या ग्रिम्सलीचा,
चाळीस वर्षांपूर्वी, बहुधा चौथ्या बिअरनंतर सुचलेला.
तेव्हा इथे कुणी म्हातारं होत नसे.

प्रदर्शनीय शर्यत. हिला गुण नाहीत.
पंचवीस फेऱ्या, एक पितळी चषक,
आणि मिठात मुरवलेली डुकराची अख्खी मांडी.
वर्षाच्या हिशेबात ती कुणी धरत नाही,
म्हणून तर जो तो हिच्यासाठी
नवी कोरी फेंडर भिंतीला घासून घेतो.

सप्टेंबरात नातू ग्रिम्सली म्हणाला,
तहहयात खोडा, वर्लीन.
लिहा : गेल्या हंगामात
किमान एका शर्यतीत सुरुवात केलेली असावी.
नाव कुणी घेतलं नाही.
चौऱ्याऐंशीपासूनच्या विजेत्यांतले
निम्मे टेकडीवरच्या दफनभूमीत,
दोघे फ्लोरिडात, एक प्रवचनं करतो.
उरला ल्यूथर स्टिडम, वय एकाहत्तर,
उजव्या कानानं ठार बहिरा,
इंजिनाच्या बाजूचा तो कान.

त्या आठवड्यात तो उसना नेलेला जॅक परत द्यायला आला.
मी कागद काउंटरवर उताणा ठेवला
आणि कॉफी आणायला गेले.
कॉफीला अकरा मिनिटं लागली.

ऑक्टोबरात, हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत
साठ नंबरची पांढरी गाडी अठ्ठाविसावी सुटली.
हिरवा झेंडा. पहिलं वळण, दुसरं,
तिसऱ्याला जरा बाहेर सरकली, चौथं,
आणि सरळ पिटमध्ये. इंजिन बंद.
लोक हसले. दोनशे डॉलर भरून एक फेरी!
लाउडस्पीकरवरचा म्हणाला, वय झालं बिचाऱ्याचं.
ल्यूथर हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला,
बँकेत पैसे भरून आलेल्या माणसासारखा.

आज तो टेबलाशी उभा आहे.
मागे रांगेत कोल्बी, डॅरेल, आणि ती बावीस वर्षांची जोलीन
जिची गाडी माझ्या घरापेक्षा महाग आहे.
डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद? आहे.
परवाना? आहे.
गेल्या हंगामात सुरुवात?
केली.
किती फेऱ्या?
त्यानं डावा कान माझ्याकडे केला.
‘हे विचारायचा नियम आहे का?’
नाही, मी म्हणाले. मीच टाइप केलाय.
सुरुवात एवढंच लिहिलंय.

नातू ग्रिम्सली खिडकीतून बघतो आहे.
त्यानं कागद वाचला, उलटून वाचला,
मागची बाजू कोरी.

शिक्का उमटायला दोनदा मारावा लागला, शाई सुकली होती.

तो शेवटच्या रांगेतून सुटणार, वयानुसार नव्हे,
कलम नऊनुसार. त्याला माझा इलाज नाही.
दुपारी साठ नंबर सुरू झाली तेव्हा
खोलीची काच थरथरली,
आणि टेबलावरची कलमं
एकेक करून सरकत खाली पडली.
मी ती लगेच उचलली नाहीत.