दहा ठिकाणी

वाशीच्या दवाखान्यात त्या मुलीने
प्लास्टिकच्या दांडीतून एक ताठ केस बाहेर काढला.
सासूबाई हसल्या,
"ही त आपली तंगूस गो! जाल्याची!"
मुलगी म्हणाली, डोळे मिटा आजी.
टोचलं की हो म्हणा.

चांगुणाबाई, सारसोळे गाव, वय एकोणसत्तर,
साखर सोळा वर्षांची.
मिटले डोळे.

अंगठा. हो.
चवडा. हो.
करंगळीचं बूड. हो.
टाच. हो गो बाय, हो.
दहापैकी दहा. मुलगी खूश.

नवं लग्न असावं तिचं, हातभर हिरवा चुडा.
हात पुढे आला की तो किणकिणायचा
आणि त्याच्या पाठोपाठ हो.

मी म्हटलं, बांगड्या वर सारून पुन्हा एकदा बघाल?
तिने चुडा कोपरापर्यंत चढवला, रुमाल बांधला.
अंगठा.
चवडा.
एसीची घरघर.
करंगळी. टाच.
सासूबाई डोळे घट्ट मिटून बसलेल्या,
ओहोटी लागायची वाट बघावी तशा.
"सुरू कर ना गो," त्या म्हणाल्या,
तेव्हा दहाही ठिकाणं होऊन गेली होती.

हेच ते पाय.
पामबीच रस्ता नव्हता तेव्हा
मांडीभर चिखलात उतरून तळव्यांनी वाचायचे:
इथे खुबे, इथे चिंबोरी दडलीय,
इथे कालवाची धार, पाय उचल.
मी लग्न होऊन आले तेव्हा मला म्हणाल्या होत्या,
डोळ्यांचं काय काम तिथे, पाणी गढूळच असतं.

रिक्षात माझ्याशी बोलल्या नाहीत.
सानपाड्याच्या सिग्नलला, बाहेर बघत,
"मना ठाव हुता. दिवालीपासना.
चपला पायान हायेत का नाय,
खाली बगल्याव समाजते."
मग सांगितलं का नाही?
"सांगला आसता त तुमी खारीन जाव दिला नसता."

गोविंदमामांचं मी काढलं नाही.
होडीतला एक खिळा होता. आधी अंगठा गेला,
गणपतीत चवडा, होळीला गुडघ्याखालचं सगळं.
त्यांची उरलेली एक चप्पल
सासूबाईंनीच टाकू दिली नव्हती.

आता रोज रात्री मालिका संपली की
पाटावर पाय.
तळव्याखाली माझा पावडरचा आरसा,
बोटांच्या बेचक्यांत मोबाईलचा उजेड.
भेग, फोड, लाली, काही नवं?
त्यांना गुदगुल्याही होत नाहीत,
त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

काल डाव्या टाचेतून शिंपल्याचा कपचा निघाला,
नखाएवढा, अजून ओला.
कुठून आला, मी विचारलं नाही.
त्या पंख्याकडे बघत होत्या.
कापसावर औषध ओतत मी म्हटलं, झोंबतंय?
"हो," त्या म्हणाल्या, "लय."
कापूस अजून माझ्या हातातच होता.

जखम पुसली, पट्टी बांधली,
आरसा पदराला पुसून
उजव्या पायाखाली धरला.